वेगवान मोटारीचा सांभाळ

श्रोतेहो,

मोटार म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे एस. टी.ची लाल गाडी येते, बाजाराला भाजीपाला नेणारा टेंपो येतो, फार तर गावातल्या डॉक्टरांची चारचाकी येते. या सगळ्या कामाच्या गाड्या. माणसे आणि माल इकडून तिकडे पोचवणे हा त्यांचा धर्म. पण मोटारींची आणखी एक जात जगात आहे. तिच्यात माणसे बसतात दोन, सामानाला जागा जेमतेम, पेट्रोल ती सपाटून पिते, आणि रस्त्यात खड्डा दिसला की मालकाच्या पोटात गोळा येतो. ती घडवलेली असते वेगासाठी आणि भर वळणावरही रस्ता न सोडण्यासाठी. तिला स्पोर्ट्‌स कार म्हणतात. त्यांतल्या काही पन्नास-साठ वर्षांच्या झाल्या, तरी आजही रस्त्यावर धावतात. त्या कशा सांभाळतात आणि कशा चालवतात, याविषयी आज मी आपल्याशी बोलणार आहे.

आता तुमच्यापैकी कुणी म्हणेल, "अहो प्राध्यापकसाहेब, आमची पाणंद पावसाळ्यात बैलगाडीलाही धड वाट देत नाही, आणि ही श्रीमंतांची चैन आम्हांला कशाला ऐकवता?" प्रश्न रास्त आहे. माझ्या दारातही असली मोटार नाही. परंतु यंत्र लंडनला असो वा लातूरला असो, त्याचा स्वभाव एकच. तुमच्या विहिरीवरचे इंजिन ज्या कारणाने बिघडते, त्याच कारणाने ही लाखमोलाची मोटारही बिघडते. फरक इतकाच की, तिच्या बाबतीत हयगयीची किंमत लवकर आणि जबर मोजावी लागते. म्हणून यंत्राची मालकी म्हणजे काय, हे समजून घ्यायला ती फार चांगला धडा आहे.

उदाहरणादाखल आपण एकच मोटार घेऊ. इंग्लंडमध्ये विल्यम लायन्स नावाच्या गृहस्थांनी १९२२ साली एका भागीदाराबरोबर मोटारसायकलीच्या बाजूला जोडायचे डबे, म्हणजे साइडकार, बनवण्याचा धंदा सुरू केला. त्याच धंद्याची पुढे जग्वार ही मोटार कंपनी झाली. या कंपनीने मार्च १९६१ मध्ये स्वित्झर्लंडातील जिनिव्हा शहरी आपली 'ई-टाइप' नावाची मोटार लोकांपुढे आणली. ती पाहायला आणि तिच्यात बसून फेरी मारायला इतकी गर्दी लोटली की, तिथे असलेली एक गाडी पुरेना. तेव्हा कंपनीचे चाचणी-चालक नॉर्मन ड्यूइस यांनी दुसरी गाडी रातोरात हाकत कॉव्हेंट्रीहून जिनिव्हाला आणली. ताशी १५० मैल, म्हणजे जवळजवळ २४० किलोमीटर, हा तिचा वेग त्या काळात थक्क करणारा होता. किंमत मात्र करासकट २,१०० पौंडांच्या आसपास. तशाच तोलाच्या दुसऱ्या गाड्यांना याच्या दुप्पट पैसे पडत. पुढच्या तेरा-चौदा वर्षांत अशा बहात्तर हजारांहून अधिक गाड्या तयार झाल्या आणि त्यांतल्या बहुसंख्य अमेरिकेला गेल्या. १९९६ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने यातली एक गाडी आपल्या संग्रहात घेतली. चित्रे आणि शिल्पे यांच्या पंगतीला मोटार बसली!

तिचा आकार मात्र कुणा चित्रकाराने कल्पनेने काढलेला नाही. तो माल्कम सेयर यांनी काढला, आणि हे गृहस्थ विमानाच्या कारखान्यातून आलेले होते. वारा कापत जायचे तर गाडीचे अंग कसे असावे, याचा त्यांनी गणिताने विचार केला. प्रत्येक वळसा, प्रत्येक फुगवटा आकडेमोड करून, लॉगरिथमची कोष्टके वापरून ठरवला. गणिताच्या शिक्षकांनी वर्गात हे जरूर सांगावे. 'या कोष्टकांचा उपयोग काय?' असे विचारणाऱ्या मुलाला ई-टाइपचे चित्र दाखवले की पुरे.

तिचे इंजिन सहा सिलिंडरांचे. त्या इंजिनाची पहिली आवृत्ती १९४८ साली बाहेर आली. तिची कल्पना मात्र महायुद्धाच्या दिवसांतली. कारखान्यावर बॉम्ब पडून आग लागू नये म्हणून रात्री पहारा करावा लागे. त्या पहाऱ्याच्या रात्री इंजिनिअर मंडळींनी या इंजिनाचा विचार करण्यात घालवल्या. १९६१ च्या ई-टाइपमध्ये त्याची ताकद २६५ अश्वशक्ती सांगितली जाई. म्हणजे किती? विहिरीवर पाच अश्वशक्तीचा पंप असतो ना, तसे त्रेपन्न पंप एका बॉनेटखाली कोंबले आहेत असे समजा. आता एवढी शक्ती ज्याच्या दारात उभी आहे, त्याच्यामागे काय काय कामे लागतात ती पाहू.

पहिले काम वंगणाचे. बैलगाडीच्या आसाला वंगण घातले नाही तर चाक कुरकुरते आणि मग आस झिजतो, हे इथे कुणाला सांगायला नको. आजच्या मोटारींत बरेच सांधे कारखान्यातच वंगण भरून कायमचे बंद केलेले असतात. या जुन्या गाडीत तसे नाही. सुकाणूच्या सांध्यांना, चाकांच्या खुंट्यांना, मागच्या चाकांकडे शक्ती नेणाऱ्या दांड्याच्या सांध्यांना ग्रीस भरायची लहान लहान तोंडे ठेवलेली आहेत. ठरावीक मैल झाले की गाडीखाली निजायचे आणि ग्रीसची पिचकारी प्रत्येक तोंडाला लावायची. एक जरी तोंड विसरले, तरी ते सहा महिन्यांनी आपली आठवण करून देते.

दुसरे काम कानाचे. इंजिनाला हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण पुरवणारे कार्ब्युरेटर या गाडीत तीन आहेत. तिघांनी सारखी हवा ओढली पाहिजे. एक जास्त ओढू लागला आणि दुसरा कमी, तर गाडी धापा टाकते, धूर सोडते आणि पेट्रोल फुकट जाते. तीन बैलांच्या औतात एकच बैल ओढू लागावा तसे होते. मग हे तिघे जुळवायचे कसे? मुरलेला मिस्त्री रबराची एक नळी घेतो. तिचे एक टोक कानाला आणि दुसरे कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. आत जाणाऱ्या हवेचा फुस्स आवाज तो ऐकतो. पहिल्याचा, दुसऱ्याचा, तिसऱ्याचा. तीनही आवाज एका सुरात येईपर्यंत स्क्रू हलकेच पिळतो. तबलजी तबल्याच्या कडेवर हातोडी मारून सूर लावतो, त्यातलाच हा प्रकार. आज यासाठी उपकरणे मिळतात. तरी चांगले मिस्त्री शेवटी कान लावून खात्री करून घेतातच.

तिसरे काम चाकांचे. ई-टाइपची मूळ चाके सायकलीसारखी तारांच्या आऱ्यांची. चार बोल्टांऐवजी मधोमध एकच मोठा कानांचा नट असतो आणि तो मऊ धातूच्या हातोडीने ठोकून घट्ट करतात. डाव्या आणि उजव्या बाजूंचे आटे उलटसुलट ठेवलेले, म्हणजे गाडी पुढे धावताना नट सुटू पाहत नाही, उलट आवळतो. चाकाच्या आतल्या खाचा स्वच्छ करून त्यांना ग्रीस लावले नाही, तर त्या झिजतात. आणि एकही आरा सैल झाला तर चाक डुगडुगते. ताशी वीस मैलांना ते चालून जाईल. शंभर मैलांना तो जिवाशी खेळ आहे.

चौथे काम गंजाचे, आणि हे सगळ्यांत दुष्ट. या गाडीच्या मधल्या भागाला वेगळा सांगाडा नाही. पत्र्याच्या पोकळ पेट्या एकमेकींना जोडून अंगालाच बळकटी आणलेली आहे. दारांखालच्या पेट्या बाहेरून रंगवलेल्या, चकाकणाऱ्या. आत मात्र ओल धरते आणि पत्रा पापडासारखा होतो. इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यावरचे बर्फ वितळावे म्हणून मीठ टाकतात. ते मीठ अशा पत्र्याचा काळ. म्हणून जाणता गिऱ्हाईक जुनी गाडी घेताना रंगावर भाळत नाही. तो गुडघ्यावर बसतो, खालून बॅटरी मारतो आणि बोटाने ठोकून पाहतो. मुलगी पाहायला गेल्यावर घराची कौले पाहू नयेत, माणसे पाहावीत, तसेच हे.

शिवाय दुरुस्तीची सोय पाहून ही गाडी काही बांधलेली नाही. क्लचची तबकडी झिजली, तर ती बदलण्यासाठी इंजिन आणि गिअरची पेटी दोन्ही एकत्र बाहेर काढावी लागतात. मागचे ब्रेक चाकांपाशी नसून आत, मधल्या दंतचक्राच्या पेटीला चिकटून आहेत. तिथे हात पोचणे मुश्कील. सुरुवातीच्या गाड्यांत बॅटरीची धन बाजू गाडीच्या अंगाला जोडलेली असे. आजच्या सवयीने ऋण बाजू जोडली की नुकसान झालेच. म्हणून मूळ पुस्तिका, दुरुस्तीच्या पावत्या आणि केल्या कामाची वही यांना गाडीइतकेच मोल असते. कोणते काम कधी केले, कोणता भाग मूळचा आणि कोणता नवा, हे त्या वहीवरून कळते. वही नसलेली गाडी म्हणजे सातबारा नसलेली जमीन.

इतके सगळे ऐकल्यावर एखाद्याला वाटेल, मग ही गाडी चालवूच नये. छान रंगवावी, कापड घालून कुलपात ठेवावी, म्हणजे झिजायला नको आणि बिघडायला नको. श्रोतेहो, नेमकी इथेच मोठमोठ्या धनवंतांची फसगत होते. आपल्याकडे एक जुनी कोड्याची गोष्ट आहे. घोडा का अडला, भाकरी का करपली, विड्याची पाने का सडली? तिन्हींचे उत्तर एकच: न फिरवल्यामुळे! त्या यादीत चौथी ही मोटार घालायला हरकत नाही.

न फिरवल्यामुळे काय होते ते पाहा. पेट्रोल उभ्या उभ्या शिळे होते आणि कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत त्याचा चिकटा बसतो. ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषून घेते आणि आतून नळ्या गंजवते. क्लचची तबकडी आपल्या चाकाला गंजाने चिकटून बसते. रबराच्या कड्या वाळतात, मग तेल गळू लागते. टायर एकाच जागी दबून चपटे होतात. आणि नक्षी कोरी करकरीत दिसली, तरी दहा वर्षांत त्यांचे रबर कडक होते. शिवाय उंदीर असतातच. वायरी कुरतडताना गाडी किती किमतीची, हे ते विचारत नाहीत.

काही मालक यावर युक्ती काढतात. आठवड्यातून एकदा जागच्या जागी पाच मिनिटे इंजिन सुरू करायचे आणि बंद करायचे. पण त्याने फायद्याऐवजी तोटाच होतो. पेट्रोल जळताना वाफ तयार होते. इंजिन पुरते तापले तर ती बाहेर निघून जाते. अर्धवट तापले तर तिचे पाणी होऊन इंजिनाच्या तेलात आणि धुराच्या नळीत साठते. म्हणून फिरवायची तर गाडी चांगली पंधरा-वीस किलोमीटर फिरवावी, नाही तर बॅटरी काढून, पेट्रोलची नीट व्यवस्था करून रीतसर निजवावी. अर्धवट माया यंत्राला मानवत नाही.

आता चालवण्याविषयी. आजच्या मोटारीत किल्ली फिरवली की निघालो. इथे तसे नाही. थंड इंजिन आधी हलक्या पायाने गरम करायचे. तेलाच्या दाबाचा काटा वर चढला का, पाण्याचा काटा कुठे आहे, हे पाहायचे. गर्दीत गाडी तापते, कारण वारा आत घ्यायचे तोंड लहान आहे. १९६४ सालापर्यंतच्या गाड्यांत पहिल्या गिअरला दाते आपोआप जुळवणारी सोय नव्हती. चालत्या गाडीत तो टाकायचा तर क्लच दोनदा दाबून, मध्ये इंजिनाचा वेग किंचित वाढवून टाकावा लागे. नाही तर कर्रकन आवाज. जुना ट्रॅक्टर चालवणाऱ्यांना हे लगेच उमगेल. आजच्यासारखी हवेची उशी नाही, चाके घसरू न देणारे विजेचे ब्रेक नाहीत. वेग दुप्पट केला की ब्रेक लावून थांबायला अंतर चौपट लागते, हा निसर्गाचा नियम तर सगळ्यांनाच लागू. ताशी चाळीसला जी गाडी दहा मीटरांत थांबते, तिला ऐंशीला चाळीस मीटर लागतात. म्हणून अशा मोटारीचा खरा चालक पुढचे वळण आधी डोळ्यांनी घेतो, मग हातांनी. वेग हातात असणे आणि वेगाच्या हातात आपण असणे, यांत जे अंतर आहे, ते या गाडीत फार लवकर कळते.

आता पैशाची बाजू. ई-टाइपच्याच काळात इटलीत फेरारी कंपनीने '२५० जी. टी. ओ.' नावाची शर्यतीची मोटार काढली. १९६२ ते १९६४ या काळात तिच्या सगळ्या मिळून छत्तीस गाड्या झाल्या. त्यांतली एक ऑगस्ट १९१८ नव्हे बरं का, अगदी अलीकडे, ऑगस्ट २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात लिलावात निघाली आणि चार कोटी चौऱ्याऐंशी लाख डॉलरना विकली गेली! इतकी किंमत झाली की मोटार ही मोटार राहत नाही; ती तिजोरीतली सोन्याची वीट होते. मालकाला तिच्यात बसायचीही धास्ती वाटते. पण याला दुसरी बाजू आहे. इंग्लंडात गुडवुड येथे १९९८ सालापासून जुन्या गाड्यांच्या शर्यतींचा मोठा मेळा भरतो. तिथे अशा अमोल गाड्याही धावतात, कधी एकमेकींना घासतात, पत्रे चेपतात. पाहणाऱ्याला हळहळ वाटते. मला विचाराल, तर त्या मालकांना मोटार म्हणजे काय ते उमगले आहे. सतारीचे मोल ती वाजण्यात. नुसती भिंतीवर टांगली तर ते एक लाकूड.

आपल्या देशातही जुनी वाहने सांभाळणारे लोक आहेत, मुंबई-पुण्यात त्यांच्या मिरवणुका निघतात. २०२१ साली केंद्र सरकारने अशा वाहनांसाठी खास नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी वा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क ठेवले, आणि क्रमांकात तिची वेगळी अक्षरे घातली. प्रदर्शन, अभ्यास, मेळावा, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरायची नाही.

आणि एक गंमत सांगतो. या मोटारींचा तुमच्या उसाच्या फडाशीही संबंध आहे. उसाच्या रसापासून आणि मळीपासून होणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये मिसळतात. इंग्लंडात सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये ते दहा टक्क्यांपर्यंत असते. आपल्याकडे वीस टक्क्यांपर्यंतची मजल गाठली आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही चांगली गोष्ट. पण इथेनॉल पाणी ओढून घेते, आणि साठ वर्षांपूर्वीच्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही. त्या मऊ पडतात, चिरतात, आणि तापल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकले तर आग लागायला वेळ लागत नाही. म्हणून जाणते मालक त्या नळ्या नव्या, इथेनॉलला टिकणाऱ्या बसवून घेतात आणि टाकीत पेट्रोल फार दिवस साठू देत नाहीत. तुमच्याकडे जुनी मोटारसायकल किंवा फवारणीचा पेट्रोल पंप असेल, तर हीच काळजी तुम्हीही घ्यावी.

सर्वांत मोठी चिंता मात्र वेगळीच आहे. सुटे भाग मिळतात. ई-टाइपवर प्रेम करणारे लोक इतके आहेत की, तिचे बहुतेक भाग आजही नव्याने बनवले जातात. मिळत नाही तो माणूस. नळी कानाला लावून तीन कार्ब्युरेटर एका सुरात आणणारा, हातोडी आणि ठोकळा घेऊन सपाट पत्र्याला वळसा देणारा, आऱ्यांचे चाक जुळवणारा माणूस म्हातारा होत चालला आहे. आजच्या गाडीतला बिघाड संगणक दाखवतो आणि मिस्त्री पेटीच बदलतो. त्यात चूक काही नाही. पण कानाने ऐकण्याची, बोटाने चाचपण्याची विद्या पुस्तकात उतरवता येत नाही; ती शेजारी उभे राहून, हात काळे करूनच घ्यावी लागते. गाडी गंजली तर नवा पत्रा बसवता येतो. विद्या गंजली तर तिला सुटा भाग नाही.

ही अवस्था एकट्या मोटारीची नाही. आपल्या गावातला इंजिनाचा मिस्त्री, बैलगाडीच्या चाकाला धाव चढवणारा लोहार, हार्मोनियमचा भाता शिवणारा कारागीर, यांचीही तीच गत आहे. म्हणून शिक्षकबंधू-भगिनींना माझी एक विनंती. शाळेतल्या पाण्याच्या पंपासाठी, शिवणयंत्रासाठी किंवा गावातल्या एखाद्या इंजिनासाठी मुलांकडून एक वही ठेवून घ्या. तेल कधी घातले, आवाज कसा होता, काय बदलले, एवढेच तिच्यात लिहायचे. आणि महिन्यातून एकदा गावच्या मिस्त्रीला वर्गात बोलवा. फळ्यासमोर उभे राहायला तो लाजेल; मग वर्गच त्याच्या दुकानात न्या.

पैसे मोजले की यंत्र आपल्या नावावर होते. ते आपले व्हायला मात्र त्याचा आवाज ओळखावा लागतो. ती ओळख असणाऱ्याला दोनशे पासष्ट अश्वशक्तीची मोटार काय आणि पाच अश्वशक्तीचा पंप काय, दोन्ही सारखीच साथ देतात. उद्या सकाळी पंप सुरू कराल, तेव्हा लगेच पाठ फिरवू नका. घटकाभर उभे राहा आणि तो काय म्हणतो ते ऐका.